सेमीफायनलचा हिवाळा

आमच्या घरावरून विमानं उतरतात. लखनौच्या सरोजिनी नगरात राहायला आल्यापासून घड्याळाकडे बघायची सवय सुटली आहे. सकाळचं पहिलं विमान गेलं की आई दूध तापत ठेवते, दुसरं गेलं की मी आंघोळीला पळते. डिसेंबरात मात्र एक सकाळ अशी येते की जाग येते आणि काहीच ऐकू येत नाही. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. समोरच्या गच्चीवरच्या टाक्या नाहीशा, कानपूर रोडवरचे ट्रक फक्त आवाजापुरते उरलेले. विमानं वर कुठंतरी घिरट्या घालत असतात नाहीतर दिल्लीहून निघालेलीच नसतात. आई दूध ठेवायचं विसरते. मी रजईतच पडून राहते आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मला टक, टक असा आवाज आठवतो.

तो हॉकी स्टिकचा आवाज. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण सायली रोज सकाळी साडेपाचला माझ्या स्कूटीवर मागं बसायची. पाठीवर बॅग, बॅगेतून वर आलेली स्टिक. खड्डा आला की ती पुढं झुकायची आणि स्टिकचं टोक माझ्या हेल्मेटवर आपटायचं.

"ए, मला शुद्धीत राहू दे," मी म्हणायची.

"गड्ढा हमने थोड़ी बनाया है," मागून उत्तर.

मी मराठीत बोलायची आणि ती हिंदीत, असंच आमचं बोलणं आयुष्यभर चाललं आहे. तिला सगळं मराठी कळतं, पण बोलायला गेली की दोन वाक्यांत अडते. लखनौच्या मुलींसारखी ती स्वतःला 'हम' म्हणते. ती शाळेत असताना मला त्याचं हसू यायचं. आता फोनवर ते 'हम' ऐकायला मी बँकेच्या जिन्यात जाऊन उभी राहते, कारण आत नेटवर्क धड नसतं.

तेव्हा आम्ही चौक नावाच्या जुन्या सराफी भागात राहत होतो, अण्णांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं गलाईचं दुकान आहे. सराफ जुने दागिने आणून देतात, अण्णा ते मुशीत घालून आटवतात, त्यातला मळ काढतात आणि शुद्ध सोनं परत करतात. आटपाडी-खानापूरकडची आमच्यासारखी माणसं हेच काम करत देशभर पसरली आहेत. ज्या गावात सराफ, त्या गावात आमच्याकडचं कुणीतरी भट्टीपुढं बसलेलं सापडतं.

आमच्यात एक रीत आहे. मूल जरा मोठं झालं की त्याला गावाकडं काका-काकूंपाशी ठेवायचं आणि आईवडिलांनी भट्टीकडं परतायचं. धूर, तेजाब, एवढीशी खोली. मूल ठेवायचं कुठं? मी तशी वाढले. बारावी होईपर्यंत आईअण्णा मला वर्षातून एकदा, गावच्या यात्रेला भेटायचे. सायली माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ती लखनौतच जन्मली, आणि तोवर परिस्थिती थोडी बरी झाली होती म्हणून इथंच राहिली. ती सहा वर्षांची होईपर्यंत मी माझ्या सख्ख्या बहिणीला सहा वेळा बघितलं होतं. दर वेळी ती मला नव्यानं घाबरायची आणि ओळख होईपर्यंत त्यांची परतीची गाडी यायची.

बारावीनंतर मी हट्ट धरून लखनौला आले. इथं बी. कॉम. केलं, बँकेची परीक्षा दिली, लागले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मी. हे मी लोकांना सांगते, आणि विचारलं नाही तरी सांगते. अण्णांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र घरात लावलं नाही, दुकानात भट्टीच्या वर लावलं. धुरानं त्याची काच तपकिरी झाली आहे. मी म्हटलं, "अण्णा, घरात लावा की, खराब होतंय." ते म्हणाले, "घरात कोण बघतंय? हितं चार सराफ येत्यात."

एवढं सांगायचं कारण, मी त्या हिवाळ्यात अशी का वागले ते कळावं.

सायलीला हॉकी शाळेत लागली. त्या शाळेत हॉकीचं वेड जुनं होतं आणि छावणीच्या बाजूला एका मैदानावर टर्फ होतं, तिथं सरावाला जायची परवानगी मिळायची. लखनौची छावणी हिवाळ्यातल्या सकाळी बघावी. रस्ते रुंद आणि रिकामे, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे, धुक्यातून पावलांचा एकसारखा आवाज येतो आणि मग पळणारे जवान दिसतात, तोंडातून वाफा सोडत. चौकातल्या तेजाबाच्या वासातून निघून आम्ही तिथं पोचलो की सायली नाक वर करून दोन-तीनदा हवा ओढायची. मैदानावर कडाक्याच्या थंडीतही टर्फवर पाणी मारलेलं असायचं. ओल्या टर्फवरून चेंडू सुळकन जातो, कोरड्यावर अडतो, हे मला तिनं सांगितलं. मुली हातमोजे काढून तळव्यांवर फुंकर मारायच्या आणि खेळायला लागायच्या. चेंडू गोलच्या फळीवर आदळला की ठक्क असा आवाज धुक्यातून यायचा. कुणी मारला ते दिसायचं नाही.

मी बाहेर बाकावर बसून बँकेच्या पदोन्नतीच्या परीक्षेचं पुस्तक वाचायची. वाचायची म्हणजे मांडीवर उघडं ठेवायची. परतताना चौकातल्या गोल दरवाज्यापाशी आम्ही मक्खन मलाई खायचो, तो पिवळसर फेस, जो फक्त थंडीत मिळतो आणि जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसा होतो. सायली पानाचा द्रोण चाटून पुसून मला दाखवायची. "देखो, धोना भी नहीं पड़ेगा." मग ती शाळेला, मी बँकेत.

मला तेव्हा वाटत नव्हतं की हे दिवस मी कधी लेखात लिहीन. तेव्हा मला फक्त झोप यायची.

सायली अकरावीत होती आणि संघात राखीव होती. सोळा जणींत सोळावी. पाठीवर आकडाही सोळाच. मी एकदा तिला स्पष्ट विचारलं, "तू खेळतेस की खेळणाऱ्यांच्या बाटल्या भरतेस?" ती चिडली नाही. "दोनों," म्हणाली.

दिवाळीनंतर तिच्या शिक्षिकांनी सांगितलं की या वर्षीच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या क्रीडा हॉस्टेलच्या कोच मुली बघायला येणार आहेत. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण तिकडंच. सायली घरी येऊन हे एका दमात बोलली. आई भाकरी थापत होती, तिनं माझ्याकडं बघितलं. अण्णांनीही माझ्याकडंच बघितलं. शिक्षणाचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघतात.

मी करार केला. हे शेवटचं वर्ष. हॉस्टेलनं निवडलं तर जा, माझी हरकत नाही. नाही निवडलं तर स्टिक माळ्यावर, बारावीचा अभ्यास, बी. कॉम., आणि मग माझ्यासारखी परीक्षा.

"पक्का?" तिनं विचारलं.

"पक्का."

मी उदार झाले असं सगळ्यांना वाटलं. खरं असं होतं की सोळाव्या मुलीला कोण निवडतं, याची मला खात्री होती. ती घरी राहावी म्हणून मी हा करार केला होता. अभ्यासाचं कारण खोटं नव्हतं, पण ते दुसरं होतं. पहिलं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला बहीण उशिरा मिळाली होती आणि मला ती अजून काही वर्षं हवी होती.

स्पर्धेचा फॉर्म मीच भरला. घरातले सगळे फॉर्म मी भरते. त्यात नावासाठी दोनच चौकटी होत्या. मी आपल्या सवयीनं पहिल्या चौकटीत 'सायली' लिहिलं, दुसरीत वडिलांचं नाव 'संपत' लिहिलं आणि आडनावाची तिसरी चौकट शोधायला लागले. ती पुढच्या पानावर असेल असं समजून पान उलटलं आणि फॉर्म पुरा केला. तिसरी चौकट नव्हतीच. आपल्याकडं स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहितात, हे इकडच्यांना काय माहीत? त्यांनी 'सायली संपत' हेच पूर्ण नाव धरलं. बँकेत रोज लोकांच्या फॉर्ममधल्या चुका लाल पेनानं दाखवणारी मी, माझ्याच बहिणीचं आडनाव घालवून बसले. सायलीनं यादी बघितली आणि पोट धरून हसली. "ग्रेजुएट दीदी," एवढंच म्हणाली. त्यानंतर आठवडाभर मला त्याच नावानं हाक.

सेमीफायनलच्या दिवशी धुकं दहा वाजेपर्यंत उठलं नाही. पंच दोनदा मैदानाच्या मध्यभागी जाऊन गोल दिसतोय का ते बघून परत आले. अण्णांनी दुकान बंद ठेवलं होतं. माझ्या पदवीदान समारंभालाही त्यांनी अर्धाच दिवस बंद ठेवलं होतं, हे मला त्या सकाळी आठवलं आणि मी ते मनातून बाजूला केलं. आईनं थर्मास, तिळाची पोळी आणि एक जादा स्वेटर घेतला होता. तो कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

शेजारच्या तंबूत माइकवर एक निवृत्त शिक्षक बसले होते. मफलर, फरची टोपी आणि जुन्या लखनौचं गोड हिंदी. ते संघांची नावं वाचायला लागले. "और रिज़र्व खिलाड़ियों में, सायली संपत."

अण्णा खुर्चीवरून उठले. मला वाटलं पाय मोकळे करताहेत. ते सरळ तंबूकडं चालत गेले, माकडटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "जी, संपत मैं ही हूँ. बुलाया क्या?"

माइक सुरू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं.

"बुलाया तो नहीं था," ते गृहस्थ म्हणाले, "मगर आ ही गए हैं तो बैठिए. बिटिया आपकी है?"

"हाँ जी. वो सोलह नंबर. अभी बैठी है."

"अभी बैठी है, तो खड़ी भी होगी. चाय लीजिए."

अण्णा पूर्ण सामना तंबूतच बसले. मैदानाच्या त्या बाजूला बाकावर बसलेली सायली लाजेनं स्टिकच्या मागं तोंड लपवत होती, ते मला धुक्यातही दिसलं.

पलीकडचा संघ उंच मुलींचा होता. त्यांची नऊ नंबरची एक पोरगी होती, ती चेंडू घेऊन निघाली की आमच्या मुली नुसत्या दोन्ही बाजूंना होत होत्या, जशी गल्लीत म्हैस आल्यावर माणसं होतात. पहिल्या पंधरा मिनिटांत एक गोल झाला. मी रेलिंगला टेकून उभी होते. मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच वाटलं. अजून एक झाला की संपलं, मी हिशेब केला. दुपारी घरी जाऊ, सायली दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी मी तिला अकाउंट्सचं पुस्तक आणून देईन.

दुसऱ्या टप्प्यात आमच्या डाव्या हाफला खेळणाऱ्या मुलीच्या बोटांवर चेंडू बसला. ती हात पोटाशी धरून खाली बसली. शिक्षिकांनी बाकाकडं बघितलं आणि सोळा नंबर उठला.

मला हॉकीतलं फार कळत नाही. त्यामुळं मी जे बघितलं तेवढंच सांगते. नऊ नंबर चेंडू घेऊन आली, सायली तिच्यासमोरून बाजूला झाली नाही. ती खाली बसल्यासारखी वाकली, स्टिक जमिनीला लागून आडवी सरकवली आणि पुढच्या क्षणाला नऊ नंबर मोकळीच पळत होती. चेंडू सायलीकडं. असं एकदा झालं तेव्हा मला वाटलं नशीब. तीनदा झालं तेव्हा आसपासची माणसं बोलायची थांबली.

तंबूतून माइकवर आवाज, "जनाब, नौ नंबर फिर ख़ाली हाथ. गेंद संपत के पास."

आणि मग अण्णांचा आवाज, त्यांना माइकचं भान नव्हतं. मराठीत, कुणाला तरी समजावून सांगत असल्यासारखा. "दुकानात केर काढल्यागत खेळतीया. कोपरा सोडत न्हाई."

ते फक्त आम्हालाच कळलं. आमच्या दुकानातला केर साधा नसतो. जमिनीवरच्या धुळीत सोन्याचे बारीक कण असतात, म्हणून दुकान बुटक्या झाडूनं, उकिडवं बसून, एक फरशी न सोडता झाडतात आणि तो केर जपून ठेवतात. पुढं तो धुऊन त्यातलं सोनं काढतात. सायली सहा वर्षांची असल्यापासून शाळेतून आली की हे काम करायची. मी आले तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मुलीनं अभ्यास करावा, केर कसला काढतेय. पण तिला ते आवडायचं. ती वाकून, पाय फाकवून, हात लांब करून कपाटाखालचा कोपराही काढायची. तीच ती वाकण्याची तऱ्हा होती. दहा वर्षं रोज माझ्यासमोर असून मला दिसली नव्हती.

मधल्या सुट्टीत मुली पाणी प्यायला आमच्या बाजूला आल्या. सायलीच्या केसांतून वाफ निघत होती. आई रेलिंगवरून वाकून तिच्या पाठीवर हात फिरवत होती, शाळेच्या मुली तिचं नाव घेऊन ओरडत होत्या. सायलीनं बाटली तोंडाला लावली आणि बाटलीच्या वरून माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. छान, किंवा जप, किंवा नुसतं नाव. मी माझी शाल नीट केली.

तिसऱ्या टप्प्यात तिनं आपल्या बाजूच्या कोपऱ्यातून चेंडू घेतला आणि ती निघाली. तिला असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. एक, दोन, तीन पोरी मागं पडल्या, ती त्यांच्या गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, डीमध्ये घुसली आणि कुणीतरी तिच्या पायात स्टिक घातली. पेनल्टी कॉर्नर मिळाला. पहिला फटका गोलरक्षक मुलीनं पॅडवर घेतला, चेंडू उडून बाजूला आला, आणि गर्दीतून तो बुटका झाडू पुन्हा आडवा गेला. ठक्क. गोलची फळी वाजली. बरोबरी.

आसपास नुसता गोंधळ. आई रडत होती. मी उभीच होते, दोन्ही हात रेलिंगवर. रेलिंग इतकं गार होतं की ऊन पडल्यावरही तळव्यांना झिणझिण्या येत होत्या.

मी तेव्हा कुणाच्या बाजूची होते, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. शेवटच्या मिनिटाला पलीकडच्या मुलींचा चेंडू आमच्या गोलमध्ये जातच होता. गोलरक्षक पडलेली. सायलीनं अगदी रेषेवर स्टिक टेकवून तो अडवला, तेव्हाही मला आधी वाईटच वाटलं. मग शूटआउट आलं. एकटी मुलगी, समोर एकटी गोलरक्षक, आठ सेकंद. दोन्हीकडून पाच-पाच जणी. सायली चौथी होती. ती चेंडूमागं उभी राहिली, एवढीशी, पाठीवर बापाचं नाव. आणि तिथं माझ्या आत काहीतरी उलटलं. मला तो गोल हवा झाला. असा हवा झाला की मला स्वतःची कुठलीच गोष्ट, पदवीसुद्धा, इतकी हवी वाटली नव्हती. ती उजवीकडं गेली, गोलरक्षक तिच्यामागं गेली, सायली थांबली, वळली आणि चेंडू हळूच, जवळजवळ ठेवल्यासारखा आत सोडला. मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही.

आमची पाचवी मुलगी चुकली. आम्ही हरलो.

म्हणजे सकाळपासून मी जे मागत होते ते मिळालं. मुली टर्फवर बसून रडत होत्या, सायली शिन पॅड काढत होती. मी शाल सावरत विचार करत होते की आता तिच्याशी काय बोलावं. तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, रापलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज.

"ये सोलह नंबर किसकी बच्ची है?"

अण्णा तंबूतून आलेच होते. "मेरी है जी. मगर बात आप बड़ी से करो. पढ़ी-लिखी वो है."

बाई माझ्याकडं वळल्या. त्यांनी सांगितलं, संघ हरला त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, ही मुलगी त्यांना हॉस्टेलला हवी आहे, एप्रिलपासून. मी विचारलं, पढ़ाई? बारावी तिथून होईल, पुढं कॉलेज आहे, मुली तिथून बी. ए. करतात, त्या म्हणाल्या.

"सच में करती हैं, या नाम लिखा रहता है?"

बाईंनी मला नीट बघितलं. "मैडम, वो लड़की के ऊपर है. झूठ नहीं बोलूँगी."

मला त्या आवडल्या, हीच पंचाईत होती. नाही म्हणायला एखादं कारण लागतं. मला पाच सेकंदांत चार सुचली होती, शहर लांब आहे इथपासून वय लहान आहे इथपर्यंत, आणि माझा शब्द तिथं चालला असता. आईअण्णा माझं उत्तर ऐकायला थांबले होते. सायली माझ्याकडं बघत नव्हती. ती पायमोजा गुंडाळत होती, उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"कब भेजना है?" मी विचारलं.

एप्रिलमध्ये ती गेली. चारबाग स्टेशनावर अण्णा डब्यात चढून बर्थ हातानं झाडून आले. मी कोरडी उभी होते, कारण मी रडले असते तर आई सावरली नसती. पुढच्या वर्षी आम्ही चौकातल्या खोल्या सोडून इकडं आलो, माझ्या शाखेजवळ. अण्णा अजून रोज दुकानात जातात. मी पदोन्नतीची परीक्षा पास झाले. सगळं बरं चाललं आहे, लोक विचारतात तेव्हा मी हेच सांगते आणि ते खरं आहे.

फक्त हिवाळ्यात ती कधी येत नाही. तिकडं हिवाळ्यातच सामने असतात. ती येते जूनमध्ये, लखनौ भाजून निघत असतं तेव्हा, दिवसभर कूलरपुढं झोपते आणि दहाव्या दिवशी जाते. पुन्हा वर्षातून एकदा भेटणारी बहीण. मला ते गणित लहानपणापासून पाठ आहे. मी रविवारी कधीकधी स्कूटी काढून छावणीकडं जाते. धुक्यात मुली खेळत असतात. दिसत नाहीत, ऐकू येतात. तास-दीड तास बसून मी परत येते. घरी कुणी विचारलं तर सांगते भाजी बघायला गेले होते.

या वर्षी ती येणार होती. संक्रांतीला चार दिवस सुट्टी मिळाली होती, तिकीट निघालं होतं. गेल्या रविवारी मी आणि आई दोन किलो मटार सोलत बसलो होतो; सायलीला मटारची उसळ लागते आणि इकडचा वाटलेल्या मटारचा निमोनाही लागतो, सकाळी एक, संध्याकाळी एक. आई चहा करायला आत गेली आणि फोन वाजला.

"ताई, एक गड़बड़ हो गई."

मोठ्या शिबिराची यादी लागली होती. तिचं नाव होतं. शिबिर सुरू होणार होतं संक्रांतीच्या आदल्या दिवशी.

"गड़बड़ कसली यात," मी म्हटलं. "चांगलं झालं की."

"हम कोच से बोल सकते हैं, दो दिन बाद आ जाएँगे. एक लड़की बोली भी है. तुम बताओ. आएँ कि जाएँ?"

मी एक शेंग फोडली. आत सात दाणे होते. मी ते परातीत टाकले.

"जा," मी म्हटलं.

फोनवर तिच्या मागं कुठंतरी मुलींचा गलका चालला होता.

"एक बात बोलें? बुरा नहीं मानोगी?"

"बोल."

"उस दिन सेमीफायनल में तुम चाह रही थी ना, कि हम हार जाएँ."

आत आई कपबशा काढत होती. मी आवाज खाली घेतला. "कुणी सांगितलं?"

"कौन सांगेगा. पानी पीने आए थे तब देखा. सब चिल्ला रहे थे. तुम मुँह बंद करके शॉल ठीक कर रही थी."

चार वर्षं. चार वर्षं तिनं हे जवळ ठेवलं होतं आणि दर जूनमध्ये येऊन माझ्याच बिछान्यात, माझ्याच उशीवर डोकं ठेवून झोपत होती.

"मग?" मी म्हटलं.

"मग क्या. इतना गुस्सा आया कि पूछो मत. उसके बाद जो भागे हैं ना हम..." ती हसायला लागली. "वैसा आज तक नहीं भागे."

मला हसू येत होतं की काय, ते मला कळेना. "शेवटी नव्हतं तसं," मी म्हटलं. "शूटआउटला तू उभी राहिलीस तेव्हा नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं तू मारावास. फार वाटत होतं."

"अच्छा?"

"हो."

"तो बोलना था ना, यार."

"आवाज फुटला नाही."

"चलो," ती म्हणाली, "अब तो बोल दिया." तिला कुणीतरी हाक मारली, शिट्टी वाजली. "रखते हैं, ताई. आई को तुम बता देना."

फोन ठेवल्यावर मी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. आई चहा घेऊन आली आणि विचारलं, "पोरीचा हुता न्हवं? किती वाजता पोचतीया?"

"येत नाही ती. मोठ्या शिबिरात निवड झाली."

मी ते चांगली बातमी सांगतात तसं सांगितलं. आईनं परातीतल्या मटारांकडं बघितलं. मग ती उठली, आत जाऊन प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडं करून माझ्यासमोर बसली.

"घाल हेच्यात," ती म्हणाली. "बर्फात ठिवलं की जूनपतोर टिकत्यात."